निळ्या अफूचा कुलवृत्तान्त

घराण्यांचे कुलवृत्तान्त छापण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. मूळ पुरुष कोण, शाखा कोठे फुटल्या, दत्तक कोण गेला, हे सारे त्यांत नोंदलेले असते. वनस्पतींचेही असे वृत्तान्त असतात. मात्र तेथे वंशावळ सांगणारा कोणी नसतो. पान, फूल आणि बोंड यांच्या साक्षीवरून नाते ठरवावे लागते. आणि साक्षीदार कधी कधी फसवतात. हिमालयातील निळ्या अफूचा वृत्तान्त या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

अफूच्या कुलाची ओळख आपणा सर्वांना आहे. फक्त आपण ती विसरतो. माळावर, रस्त्याच्या कडेला उगवणारा पिवळा धोत्रा याच कुलातला. नावात धोत्रा असला तरी खरा धोत्रा वांग्या-बटाट्यांच्या कुलातला आहे. पिवळा धोत्रा मोडला की पिवळा चीक येतो, अफूच्या बोंडाला चीर दिली की पांढरा. कळीवरची हिरवी संदले फूल उमलताच गळून पडतात, पाकळ्या कळीत चुरगळलेल्या असतात, केसर पुष्कळ, आणि शेवटी बारीक बियांनी भरलेले बोंड. ही या कुलाची लक्षणे होत. ती ओळखणे हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखे दिसते. 1998 मध्ये दिल्लीत त्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले, आणि अंगावर सूज आणणाऱ्या रोगाची साथ पसरून साठांहून अधिक माणसे दगावली.

1753 मध्ये स्वीडनच्या लिनीअसने रानटी अफूंची विभागणी एका साध्या खुणेवर केली: बोंडावर राठ केस आहेत की ते गुळगुळीत आहे? गुळगुळीत बोंडांच्या गटात त्याने पश्चिम युरोपातील एक पिवळी अफूही घातली. वेल्स प्रांतावरून तिचे नाव पापाव्हर कॅम्ब्रिकम. पण ही पाहुणी पंक्तीत शोभेना. इतर अफूंच्या बोंडावर किंजल्काची चपटी तबकडी झाकणासारखी बसलेली असते. हिच्या बोंडाच्या टोकाला मात्र लहानसा दांडा, म्हणजे किंजल, होता. 1814 मध्ये व्हिग्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने एवढ्या दांड्यावरून तिला वेगळे घर करून दिले. त्या घराचे नाव मेकोनॉप्सिस, म्हणजे अफूसारखे दिसणारे.

पुढे हिमालयातील झाडे युरोपात पोहोचू लागली. 1824 मध्ये द कांडोल याने नेपाळातील एका जातीला मेकोनॉप्सिसमध्ये स्थान दिले. 1825 मध्ये डेव्हिड डॉन याने तिच्याच एका भावंडाला जुन्या पापाव्हर प्रजातीत बसवले. तज्ज्ञांचेही असे दुमत! सहारनपूरच्या उद्यानाचे अधीक्षक राहिलेले रॉइल यांनी पश्चिम हिमालयातील काटेरी, निळ्या फुलांच्या जातीचे वर्णन केले. तिचे नावच मेकोनॉप्सिस अक्युलिआटा, म्हणजे काटेरी. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत उंच, खडकाळ उतारांवर ती फुलते.

1913 मध्ये बेली नावाचा लष्करी अधिकारी तिबेटातील त्सांगपो नदीचा माग काढीत होता. वाटेत त्याला एक उंच निळी अफू दिसली. त्याने एक फूल आपल्या टिपणवहीत दाबून ठेवले. पूर्वी कलकत्त्याच्या उद्यानाचे प्रमुख असलेले आणि तेव्हा लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक असलेले डेव्हिड प्रेन यांनी त्या तुटपुंज्या पुराव्यावर 1915 मध्ये तिला मेकोनॉप्सिस बेलीआय हे नाव दिले. 1924 मध्ये किंग्डन-वॉर्डने तिचे बी गोळा केले, आणि पाहता पाहता ती इंग्लंडच्या बागांत गाजली. पण 1934 मध्ये जॉर्ज टेलर यांनी निर्णय दिला की, ही तर फ्रांशे यांनी 1889 मध्ये युन्नानमधून वर्णिलेली बेटोनिसिफोलिआच होय. बेलीचे नाव पुसले गेले. 2009 मध्ये ख्रिस्तोफर ग्रे-विल्सन यांनी दोन्ही झाडे पुन्हा तपासली. तिबेटच्या झाडाचे बोंड राठ केसांनी भरलेले, युन्नानचे जवळजवळ गुळगुळीत. शिवाय दोघांची वाढण्याची रीतही निराळी. बेलीचे नाव परत आले. लिनीअसची बोंडावरच्या केसांची खूण अडीच शतकांनंतरही कामी आली!

आणि किंजलाची खूण? तिने मात्र दगा दिला. रेणूंच्या साहाय्याने नाती तपासली गेली, तेव्हा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेल्सची पिवळी अफू खऱ्या अफूंच्याच गोतातली ठरली. हिमालयीन मंडळींशी तिचे साम्य वरवरचे होते. जिच्यासाठी घर बांधले, तीच परकी निघाली. आणि लिनीअसने दिलेले जुने नावच तिला पुन्हा शोभू लागले. आता नियमाप्रमाणे घराचे नावही तिच्याबरोबर जावयाचे. ते टळावे म्हणून नेपाळातील मेकोनॉप्सिस रेजिया या जातीला प्रजातीचा नमुना मानण्यात आले, आणि हिमालयातील अफूंचे नाव वाचले.

यावरून लक्षणांचा अभ्यास निरर्थक ठरत नाही. रेणू तपासण्यासाठीही आधी डोंगरावर जाऊन, बोंड हातात घेऊन, कोणाचे पान खुडावयाचे ते ओळखावे लागते. लडाखचे आमची वैद्य अक्युलिआटाचा उपयोग औषधासाठी करतात, आणि उपटले गेलेले झाड बी धरीत नाही. अशा वनस्पतीला जपावयाचे, तर ती नेमकी कोणती, तिचे भाऊबंद कोण आणि ती कोठे कोठे उरली आहे, हे आधी कळले पाहिजे. ज्याला नावच नाही, त्याच्या नाहीसे होण्याची वार्ता तरी कोण देणार?