निकालाचा दिवस आणि बाईंची भेट

एप्रिल संपत आला की पुण्यातील शाळांच्या फाटकांबाहेर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. एका हातात प्रगतिपुस्तक, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा आणि मागे घाईत असलेले आईवडील. सदाशिव पेठेतील जुन्या मराठी शाळेपासून बाणेर-वाकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेपर्यंत हे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. फरक पडला आहे तो पुड्यात. पेढ्यांच्या जोडीला साडी, भिंतीवरचे घड्याळ, पर्स, चांदीचे नाणे किंवा एखाद्या मॉलचे गिफ्ट व्हाउचर येऊ लागले आणि वर्षभर मुलाला सांभाळणाऱ्या बाईंचे आभार मानण्याच्या साध्या रीतीभोवती बरेच प्रश्न उभे राहिले. काय द्यावे, किती द्यावे, कोणाकोणाला द्यावे आणि मुळात देणे नियमात बसते का, हे ते प्रश्न.

ब्रिटनमध्ये शैक्षणिक वर्ष जुलैत संपते तेव्हा आणि अमेरिकेत मे महिन्यातील शिक्षक-सन्मान सप्ताहात भेटी देण्याची पद्धत रूढ आहे. मराठी घरांत कृतज्ञतेचा असा एकच ठरलेला दिवस नाही. आषाढातील गुरुपौर्णिमेला, म्हणजे व्यासपूजेच्या दिवशी, फूल आणि नमस्कार, डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस म्हणून १९६२ पासून पाळल्या जाणाऱ्या ५ सप्टेंबरच्या शिक्षकदिनी गुलाबाचे फूल किंवा पेन, दसऱ्याला पाटीपूजन आणि आपट्याची पाने, संक्रांतीला तिळगूळ. त्यानंतर दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ येतो. त्या दिवशी मुले वर्गणी काढून शाळेलाच सरस्वतीची तसबीर किंवा घड्याळ देतात. पुण्यातील अनेक शाळांच्या भिंतींवर ‘अमुक सालच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट’ असे लिहिलेली, बंद पडलेली घड्याळे आजही आढळतात. एप्रिलअखेरच्या निकालाची भेट ही या साखळीतील शेवटची कडी होय.

शिधा, दक्षिणा आणि शालजोडी

गुरूला काही द्यावे ही कल्पना जुनी असली तरी तिच्यामागचे व्यवहार वेळोवेळी बदलले आहेत. पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. पंतोजींना ठरलेला पगार नसे. मुलांच्या घरून येणारे थोडे पैसे, धान्य आणि सणावाराचा शिधा हीच त्यांची मिळकत. म्हणजे आज ज्याला भेट म्हणतात ते त्या काळी वेतनच होते आणि ते न दिल्यास पंतोजींची चूल पेटणे कठीण होई.

पुण्याची दक्षिणा ही त्याहून निराळी गोष्ट. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा पेशव्यांनी मोठ्या प्रमाणावर चालवली. सत्तांतरानंतर इंग्रजांनी त्या निधीचा काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. पुढे लोकहितवादींसारख्या सुधारकांनी दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथनिर्मितीकडे वळवावा अशी मागणी केली आणि त्यावरून १८४९ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. शिकवणाऱ्याला दिलेला पैसा कोणाला आणि कशासाठी, हा वाद या शहराला तेव्हापासून परिचित आहे.

त्याच विश्रामबागवाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी जोतीराव फुले यांचा मेजर कँडी यांच्या उपस्थितीत शालजोडी देऊन सत्कार झाला. भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढणाऱ्या शिक्षकाचा हा सरकारी गौरव होता. त्याच कामासाठी सावित्रीबाईंना रस्त्यात काय सोसावे लागले ते सर्वश्रुत आहे. आजच्या शाल-श्रीफळाच्या सत्कारांमागे हा इतिहास आहे. निरोप समारंभात मात्र तो सहसा कोणाला आठवत नाही.

बालवाडीतल्या ताई आणि मावशी

भेटींची चर्चा शाळेच्या वर्गशिक्षिकेपाशी थांबते आणि त्याआधीच्या तीन वर्षांचा विसर पडतो. अडीच-तीन वर्षांचे रडणारे मूल पहिल्या दिवशी ज्यांच्या हाती सोपवले जाते, त्या बालवाडीतल्या ताई. त्याला शी-शूला नेणारी, डबा भरवणारी, सर्दीने वाहणारे नाक पुसणारी मावशी. आणि त्याला दारापर्यंत आणून सोडणारे रिक्षावाले काका. मराठीत या साऱ्यांना नात्याच्या नावानेच हाक मारली जाते. पगाराच्या बाबतीत मात्र हे नाते फारसे कामी येत नाही.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा पाया ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी घातला. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे (आता पालघर जिल्हा) ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना रुजली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या. त्यांचा जन्म मोरगावचा. कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आयुष्य वेचले. पुढे केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

या योजनेतील सेविका आणि मदतनीस यांना मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. शब्द सन्मानाचा, पण निवृत्तिवेतन, महागाई भत्ता हे सारे त्या एका शब्दामुळे बाहेर राहिले. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या वाढीनंतर राज्यात सेविकेचे मानधन महिना १३ हजार आणि मदतनिसाचे साडेसात हजार रुपये झाले. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला त्यांचा संप पुढील वर्षी जानेवारीपर्यंत लांबला होता. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात मान्य केला.

राज्य सरकार दिवाळीला या महिलांना जी रक्कम देते तिचे नाव ‘भाऊबीज भेट’ असे आहे. गेल्या काही वर्षांत ती दोन हजार रुपये राहिली. कामगाराला मिळतो तो बोनस आणि बहिणीला मिळते ती ओवाळणी. सरकारने दुसरा शब्द निवडला, यात सारे आले. पालकांनी दिलेल्या भेटीलाही हीच मर्यादा आहे. साडी ही साडीच असते; तिने पगाराची उणीव भरून निघत नाही.

खासगी पाळणाघरे आणि प्ले ग्रुप यांची स्थिती आणखी धूसर आहे. आयटी कंपन्या आल्यापासून हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या परिसरात त्यांची संख्या झपाट्याने वाढली. मात्र २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता असल्याने त्याचे बरेच नियम या संस्थांना लागू होत नाहीत. तेथील मावशींना काय द्यावे, हे पूर्णपणे पालकांच्या मनावर राहते. अशा ठिकाणी रोख रक्कम पाकिटात घालून देण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. तिसरे घड्याळ मिळण्यापेक्षा मावशींना ती अधिक उपयोगी पडते. दिवाळीला घरकामाच्या बाईंना एक पगार जास्त देण्याची पुण्यातील अनेक घरांची रीत आहेच.

कायदा काय म्हणतो?

शाळेच्या शिक्षकांबाबत मात्र रोख रकमेचा मार्ग बंद समजावा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये ‘लोकसेवक’ या शब्दाची व्याख्या विस्तृत आहे. सरकारी व महापालिका शाळांतील कर्मचारी तर त्यात येतातच. शिवाय सरकारकडून आर्थिक साहाय्य मिळणाऱ्या किंवा पूर्वी मिळालेल्या शैक्षणिक संस्थेचे पदाधिकारी व कर्मचारीही येतात. पुण्यातील बहुतेक नामवंत मराठी शाळा अनुदानित असल्याने त्यांच्या शिक्षकांना हे लागू पडते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर काम करून घेण्यासाठी अनुचित लाभ देणाराही दोषी ठरतो.

याचा अर्थ गुलाबाचे फूल किंवा पेढा हा गुन्हा आहे असा नव्हे. हेतू आणि वेळ यांना महत्त्व आहे. निकाल हाती पडल्यानंतर दिलेली छोटी वस्तू आणि सहामाहीच्या आदल्या आठवड्यात पोहोचवलेली पैठणी यांतला फरक कोणालाही कळतो.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम भेटवस्तू स्वीकारण्यावर निर्बंध घालतात. नैमित्तिक जेवण किंवा साधा पाहुणचार १९७९ च्या नियमांत भेट समजला जात नाही. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने व १९८१ च्या नियमावलीने ठरतात. त्याशिवाय प्रत्येक संस्थेचे स्वतःचे दंडक असतात आणि पुण्यातील काही शाळा भेटवस्तू आणू नयेत अशी सूचना वर्षाच्या आरंभीच डायरीत छापतात. अशी सूचना असेल तर तिला वळसा घालून बाईंच्या घरी वस्तू पोहोचवणे म्हणजे त्यांनाच अडचणीत टाकणे होय.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी करता येत नाही. कलम १३ प्रवेशाच्या वेळी अधिसूचित शुल्काखेरीज कोणतीही देणगी घेण्यास मनाई करते आणि भंग झाल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा प्रवेश देताना ‘शाळेला पंखा द्या’ असे कोणी सुचवले तर ती भेट नव्हे, हे पालकांनी ओळखावे.

इतर देशांतील नियम याहून नेमके आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पब्लिक स्कूलच्या शिक्षकाला एका घरून पन्नास डॉलरपेक्षा कमी किमतीची भेट घेता येते. संपूर्ण वर्गाकडून दीडशे डॉलरपर्यंतची भेट चालते. मात्र कोणी दिले आणि किती दिले हे शिक्षकाला कळता कामा नये. दक्षिण कोरियात १५ मे हा शिक्षकदिन असतो. तेथे सप्टेंबर २०१६ मध्ये लागू झालेल्या लाचविरोधी कायद्यानंतर एकेका विद्यार्थ्याने शिक्षकाला कार्नेशनचे फूल देणेही नियमबाह्य ठरले. विद्यार्थी-प्रतिनिधीने सर्वांसमक्ष दिले तरच ते चालते. जर्मनीत बर्लिनच्या एका शिक्षिकेने वर्गाकडून सुमारे दोनशे युरोंची शोभेची मूर्ती स्वीकारली आणि प्रकरण मिटवण्यासाठी तिला चार हजार युरो भरावे लागले. पुण्यातून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी हे नियम आधी विचारून घेतलेले बरे. आजीने इथून पाठवलेली चांदीची वाटी तेथे शिक्षिकेला संकटात टाकू शकते.

वर्गणीचा प्रश्न

हल्ली वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो आणि मार्च उजाडला की त्यावर वर्गणीचा संदेश येतो. कल्पना चांगली आहे. चाळीस घरांतून चाळीस वस्तू जाण्याऐवजी एकच भेट जाते आणि देणारा वेगळा उठून दिसत नाही. गाडी घसरते ती पुढे. रक्कम ठरवून टाकली जाते, पैसे भरणाऱ्यांची यादी रोज ग्रुपवर झळकते आणि ज्याचे नाव त्यात नाही तो चर्चेचा विषय होतो. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश घेतलेली मुलेही त्याच वर्गात बसतात. पाचशे रुपये एका घराला किरकोळ असतात, तर दुसऱ्याच्या महिन्याच्या भाजीचा तो हिशेब असतो. रक्कम ऐच्छिक ठेवणे, यादी न टाकणे आणि भेटीवर ‘इयत्ता दुसरी ब’ एवढेच लिहिणे, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. मॅसॅच्युसेट्सच्या नियमामागेही हाच विचार आहे.

वर्गणीतून काय घ्यावे याचे उत्तर अप्पा बळवंत चौकात मिळते. वर्गाच्या वाचनपेटीसाठी पुस्तके घेतली तर ती पुढच्या वर्षीच्या मुलांनाही वाचता येतात आणि भेट शिक्षिकेऐवजी वर्गाला दिल्याने नियमांचा अडसर कमी होतो. मुख्याध्यापकांना आधी कळवून नोंद करून घेतली म्हणजे झाले. बालवाडीसाठी तुळशीबागेतील भातुकली आणि लाकडी खेळणी उपयोगी पडतात. सुगंधी मेणबत्त्या, शोपीस आणि ‘बेस्ट टीचर’ लिहिलेले मग टाळावेत. वीस वर्षे नोकरी झालेल्या बाईंकडे असे किती मग असतील याचा अंदाज करावा.

मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी मात्र कोणत्याही नियमात अडत नाही. ती आईने सांगितलेल्या मजकुराची नसावी. ‘तुम्ही मला दोऱ्याची गाठ मारायला शिकवलीत’ असे एक नेमके वाक्य पुरते. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे आणि मागे नाव व वर्ष पालकांनी घालावे.

निकालाच्या दिवशी बाई प्रगतिपुस्तके आणि सह्यांच्या गराड्यात असतात. चिठ्ठी देण्यासाठी त्याआधीचा, वर्ग रिकामा होत आलेला एखादा दिवस निवडावा. मावशी आणि शिपाईकाकांचे पाकीट त्याच दिवशी द्यावे. बालवाड्या बहुधा शाळेच्या आधी बंद होतात, त्यामुळे तिथली तारीख आधी विचारून घ्यावी. रिक्षावाल्या काकांचे मात्र शेवटच्या फेरीलाच, मूल उतरून दप्तर हातात घेईल तेव्हा.