कोपऱ्यातला आकडा: तुमचा मदरबोर्ड नक्की कुठला?

मागच्या आठवड्यात रात्री दहाला आमची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचा पोरगा, यंदा एफवायला गेलाय. हातात मदरबोर्डचा बॉक्स.

"दादा, बायोस अपडेट करायचंय. कंपनीच्या साइटवर तीन फाइली आहेत. कुठली घेऊ?"

म्हटलं, मॉडेलचं नाव बघ आणि घे. तर म्हणतो, "नाव तिन्हींचं तेच आहे."

बघितलं तर खरंच. मॉडेल एक, पण पुढे बारीक अक्षरात रिव्ह १.०, रिव्ह १.१ आणि रिव्ह २.०. प्रत्येकाचं वेगळं पान, वेगळी बायोस फाइल, कुठला प्रोसेसर चालेल त्याची यादीही वेगळी. बोर्ड सेकंडहँड, ऑनलाइन जाहिरात बघून मीरा रोडला जाऊन आणलेला. सध्या त्यावर जुना प्रोसेसर चालत होता. नवा प्रोसेसर दहिसरहून ग्रँट रोडला जाऊन लॅमिंग्टन रोडवर घेतलेला, सुट्टीभर काम करून साठवलेल्या पैशांनी. चुकीची फाइल टाकली की बोर्ड बहुतेक वेळा ती नाकारतो. पण नाकारेलच अशी खात्री नसते, आणि नाही नाकारली तर हातात फक्त एक हिरवी-काळी पाटी उरते.

त्या पोराचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा रिव्हिजनचा घोळ आला कुठून ते बघू, कारण तो पीसीइतकाच जुना आहे.

आपल्या वेस्टर्न लाइनचं उदाहरण घ्या. इंडिकेटरवर फक्त 'बोरिवली स्लो' लिहिलेलं असतं. पण रोजचा माणूस गाडी फलाटात शिरतानाच सांगतो, ही सीमेन्स, ही बम्बार्डियर. नाव तेच, मार्ग तोच, आत मोटार वेगळी. मदरबोर्डचंही तसंच. एखादी चिप मिळेनाशी होते, एखादी चूक सापडते, कधी चार पैसे वाचवायचे असतात. मग कंपनी नकाशा थोडा बदलते, नाव तेच ठेवते आणि कोपऱ्यातला आकडा पुढे ढकलते.

आयबीएमने पहिला पीसी आणला १२ ऑगस्ट १९८१ला. त्याच्या बोर्डावर मेमरी १६ केबीपासून ६४ केबीपर्यंत बसायची. नंतर त्याच पीसीत ६४ ते २५६ केबीचा बोर्ड यायला लागला. बाहेरून डबा तोच. आतल्या बायोसच्याही तीन आवृत्त्या निघाल्या: २४ एप्रिल १९८१, १९ ऑक्टोबर १९८१ आणि २७ ऑक्टोबर १९८२. पहिल्या दोन असतील तर हार्ड डिस्कचं कार्ड लावून उपयोग नाही, कारण कार्डावरचा प्रोग्रॅम शोधायची अक्कल बायोसला तिसऱ्या आवृत्तीत आली. मग आपल्याकडे कुठली आहे हे कळायचं कसं? बायोसच्या अगदी शेवटच्या काही बाइट्समध्ये ती तारीख लिहिलेली असायची. डॉसमधल्या डीबग प्रोग्रॅमने तो पत्ता उघडला की तारीख समोर. म्हणजे बॉक्स काय म्हणतो ते सोडा आणि थेट मशीनलाच विचारा, ही पद्धत पहिल्या पीसीपासूनची आहे.

आता भारतात या. आयबीएम इथून १९७८मध्येच निघून गेली होती. १९८४च्या संगणक धोरणानंतर आयात सोपी झाली, मुंबईच्या झेनिथसारख्या कंपन्या पीसी विकू लागल्या, आणि १९९०च्या दशकात आपल्या घराघरांत आला तो 'असेम्बल्ड'. नाझ, मिनर्व्हा, अप्सरा या थिएटरांचा आणि रेडिओच्या सुट्या भागांचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं कोण म्हणतं?) मदरबोर्डांचा रस्ता झाला. बॉक्स, माहितीपुस्तिका, बिल यातलं काहीतरी नेहमीच गायब. बोर्डावर कंपनीचं नाव असेलच असंही नाही.

तेव्हाची युक्ती मला फार आवडते. मशीन चालू झालं की अवॉर्ड बायोसच्या स्क्रीनवर अगदी तळाशी अक्षरांची एक ओळ यायची. ती एका सेकंदात जायची, म्हणून पॉझची कळ दाबून स्क्रीन थांबवायचा आणि ओळ वहीत उतरवायची. पहिली पाच अक्षरं म्हणजे चिपसेट, पुढची दोन म्हणजे बनवणारा. '२ए६९के' दिसलं की इंटेलचा ४४०बीएक्स, त्यापुढे 'जी०' असलं की गिगाबाइट. निनावी बोर्डाचा बाप असा शोधला जायचा.

ही नसती उठाठेव नव्हती. पीसी चिप्स या कंपनीच्या ४८६च्या काही बोर्डांवर चक्क खोट्या कॅश चिप्स होत्या. आत काहीही नसलेले प्लास्टिकचे तुकडे, वर झोकात 'राइट बॅक' छापलेलं. आणि बायोस असा बदललेला की स्क्रीनवर कॅश आहे असंच दिसावं. हाच माल वेगवेगळ्या ब्रँडच्या नावांनी विकला जायचा. म्हणजे मशीनला विचारा हे बरोबर, पण मशीनलाही खोटं बोलायला शिकवता येतं. शेवटी बोर्ड हातात घेऊनच बघावा लागतो.

पण रिव्हिजनची खरी मोठी गोष्ट आहे २०११ची. जानेवारीत इंटेलने सँडी ब्रिज प्रोसेसर आणले आणि सोबत पी६७ आणि एच६७ या चिपसेटचे बोर्ड बाजारात आले. तीन आठवडे होतात न होतात तोच, ३१ जानेवारीला, इंटेलने स्वतःच जाहीर केलं की चिपसेटमध्ये दोष आहे. हार्ड डिस्क लावायचे सहा साटा पोर्ट होते. त्यातले ६ गिगाबिटचे पहिले दोन ठणठणीत, ३ गिगाबिटचे उरलेले चार हळूहळू खराब होऊ शकणारे. त्या चार पोर्टांना ठेका देणाऱ्या सर्किटमध्ये एका ट्रान्झिस्टरवर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज पडत होतं. त्यामुळे तो झिजत जाणार होता. आज विकत घेतलात तर उत्तम चालेल, दोन-तीन वर्षांनी डिस्क अडखळायला लागेल. म्हणजे दुकानात तपासून काही उपयोगच नाही!

इंटेलने दुरुस्ती आणि बदलीचा खर्च सुमारे ७० कोटी डॉलर धरला. सुधारलेल्या चिपचं नाव 'बी३', दोष असलेली 'बी२'. एका आकड्याचा फरक. तोपर्यंत हे असलं अक्षर फक्त इंजिनीअरांच्या कागदात असायचं. आता तेच विक्रीचा मुद्दा झालं. गिगाबाइटने मॉडेलच्या नावाच्या शेपटीला 'बी३' जोडलं, एमएसआयने कंसात टाकलं, असुसने 'रिव्ह ३.०' लिहिलं. गिऱ्हाईक रिव्हिजन विचारून बोर्ड घ्यायला लागलं.

मला या प्रकरणात इंटेलचं कौतुकही वाटतं आणि नाहीही. कौतुक अशासाठी की ते स्वतःहून बोलले. १९९४मध्ये पेंटियमच्या भागाकाराच्या चुकीवेळी आधी टाळाटाळ केली होती, आणि मग ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला होता. त्यातून शिकले असावेत. नाही अशासाठी की बदली मिळवायला पुरावा लागतो, बिल लागतं, आणि सेकंडहँड बाजारात गेलेल्या बी२ बोर्डामागे बिल नसतं. तसा बोर्ड आजही कुणाच्या माळ्यावरून जाहिरातीत येऊ शकतो, 'वर्किंग कंडिशन' लिहून. आणि विकणारा खोटं बोलत नसेल. एच६१ मात्र वाचला, तो दुरुस्तीनंतर बाजारात आला.

आता तुम्ही म्हणाल, २०११नंतर तरी मशीन आपलं रिव्हिजन नीट सांगत असेल. त्यासाठी सोय आहे खरी. बायोसमध्ये एक ठरलेला तक्ता असतो, त्यात बोर्डाचं नाव, आवृत्ती, सिरियल नंबर लिहायला जागा असते. लिनक्सवर डीएमआयडीकोड ही कमांड तो वाचून दाखवते, विंडोजवर पॉवरशेलमधून किंवा सीपीयू-झेडच्या मेनबोर्डच्या पानावर दिसतो. फक्त तो भरायचं काम कंपनीचं. गिगाबाइटच्या कितीतरी बोर्डांवर आवृत्तीच्या जागी 'एक्स.एक्स' येतं. असुसच्या बऱ्याच बोर्डांवर 'रिव्ह एक्स.०एक्स'. आणि कित्येक बोर्डांवर तर 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. शाळेतल्या फॉर्मवर 'येथे नाव लिहा' तसंच ठेवून फॉर्म जमा केल्यासारखं. मी रोज सॉफ्टवेअरच लिहितो, त्यामुळे हसूही येतं आणि थोडी लाजही वाटते.

याच्या उलट उदाहरण रास्पबेरी पायचं. जून २०१९मध्ये पाय ४ आला आणि लगेच कळलं की काही चांगल्या, चिप असलेल्या यूएसबी-सी केबलने तो चालूच होत नाही. दोन पिनांना वेगवेगळा रेझिस्टर हवा होता, त्यांनी एकच सामायिक लावला होता. चार्जरला वाटायचं की समोर हेडफोनचा अडॅप्टर आहे, म्हणून तो वीजच द्यायचा नाही. रिव्हिजन १.२मध्ये चूक दुरुस्त झाली. पण ओळखणं किती सोपं बघा: एक कमांड दिली की कोड येतो. ४ जीबीच्या पायवर 'सी०३१११' आला तर जुना, 'सी०३११२' आला तर नवा. शेवटचा अंक म्हणजेच रिव्हिजन. मनात आणलं तर हे जमतं.

तर परत आमच्या जिन्यावर. मी पोराला म्हटलं, बॉक्स बाजूला ठेव, कॅबिनेट उघड. प्लग काढला, ग्राफिक्स कार्ड काढलं, कारण आकडा नेमका त्याच्या सावलीत होता, डाव्या खालच्या कोपऱ्यात. मोबाइलचा टॉर्च मारला, धूळ फुंकली. फोटो काढून झूम केला. बोर्डावर १.१. बॉक्सच्या लेबलवर २.०. मग सिरियल नंबर ताडून बघितले. तेही जुळेनात. बॉक्स दुसऱ्याच बोर्डाचा होता.

त्याने प्रोसेसर घेताना यादी बघितली होती, अगदी नीट बघितली होती. पण २.०ची. १.१च्या यादीत तो प्रोसेसर नव्हताच. म्हणजे बायोस फाइलचा प्रश्नच संपला. मीरा रोडवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "अरे भाई, सेम मॉडेल आहे." तोही खोटं बोलत नव्हता.

पोरगा पाच मिनिटं काही बोलला नाही. आईने त्याला चहा दिला. मग त्याने प्रोसेसरची डबी न उघडता ठेवून दिली आणि तिथेच बसून बोर्ड विकायची जाहिरात टाकली. पहिला फोटो कोपऱ्यातल्या आकड्याचा. खाली स्पष्ट लिहिलं: रिव्ह १.१, बॉक्स या बोर्डाचा नाही, देणार नाही.

रात्रीत तीन मेसेज आले. तिघांचाही प्रश्न एकच. "भाई, बॉक्स आहे का?"