चिमटा लावल्यानंतर

मेंदूच्या शस्त्रक्रियेतला सर्वांत कठीण क्षण कोणता, असे मला पुष्कळजण विचारतात. कवटी उघडण्याचा, असे त्यांना वाटत असते. माझ्या मते तो चिमटा लावून झाल्यावर येतो.

धमनीची भिंत कमकुवत झाली, की सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा तिला फुगा येतो. हाच अॅन्युरिझम. तो फुटला, की आयुष्यात कधी दुखले नसेल असे डोके एकाएकी दुखते. पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त. म्हणून फुग्याच्या मानेवर धातूचा चिमटा बसवून तो रक्तप्रवाहापासून तोडायचा.

जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या प्रथम दिसल्या त्या १९२७ साली, लिस्बनमध्ये. एगास मोनीझ यांनी गळ्यातील धमनीत सोडियम आयोडाइड सोडून क्ष-किरण छायाचित्रे घेतली. त्याआधीच्या प्रयत्नांत एक रुग्ण दगावला होता. १९३१ साली एडिंबरोत नॉर्मन डॉट यांनी फुटलेल्या फुग्याभोवती रुग्णाच्याच मांडीतला स्नायू गुंडाळला. १९३७ साली बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसवला. पुढे झुरिकच्या गाझी यासरगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही शस्त्रक्रिया नेमकी केली.

एवढे होऊनही एक उणीव राहिलीच. ऐंशीच्या दशकात मी निवासी डॉक्टर असताना एका शिक्षिकेचे ऑपरेशन पाहिले. चिमटा अगदी सुरेख बसला होता. बाहेर तिचे यजमान उभे होते. "ऑपरेशन यशस्वी झालं ना, डॉक्टर?" मी "हो" म्हणालो. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा उजवा हात हलत नव्हता आणि वाचा गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या अँजिओग्राफीत कळले, की फुग्यामागची एक बारीक शाखा चिमट्यात दबली होती. सरांचा हात चुकला नव्हता. मागचे दिसत नव्हते.

ऑपरेशन चालू असतानाच अँजिओग्राफी करण्याचे प्रयत्न साठच्या दशकापासून होत होते. त्यासाठी जांघेतून नळी न्यायची, क्ष-किरण आरपार जातील असे टेबल हवे, तज्ज्ञ हवा. यात वेळ जातो आणि रक्त न मिळालेला मेंदू थांबत नाही.

मग २००३ साली फ्रँकफर्टच्या आंद्रेआस राबे आणि सहकाऱ्यांनी एक सोपी युक्ती मांडली. हृदय, यकृत आणि डोळ्यांच्या तपासणीत अनेक वर्षे वापरले जाणारे इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून द्यायचे आणि अवरक्त प्रकाश टाकायचा. रक्त वाहते ती धमनी पडद्यावर पांढरी उजळते. दबलेली काळीच राहते. मिनिटाभरात उत्तर मिळते आणि चिमटा तिथल्या तिथे सरकवता येतो.

मर्यादा आहेच. डोळ्यांसमोर उघडे आहे तेवढेच उजळते. रक्ताच्या गाठीमागचे नाही. म्हणून मोठ्या, गुंतागुंतीच्या फुग्यांत अँजिओग्राफीच लागते. आज अनेक फुगे कवटी न उघडता, नळीवाटे आतूनच बंद करतात, हेही खरे.

पण चिमटा लावायचाच असेल, तर तो बसल्यावर शस्त्रक्रियागृहात दिवे मंद होतात आणि सगळे पडद्याकडे पाहतात. धमन्या एकेक उजळत जातात. दरवेळी मला ते यजमान आठवतात. त्यांच्या प्रश्नाला आता मी पाहून उत्तर देतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)