गंधकाच्या डिंकाची कुळकथा

1950 नंतरच्या काही दशकांत दाताची टोपी किंवा कवळी करून घ्यायला गेलेल्या माणसाच्या तोंडात दंतवैद्य एक साचा दाबून धरीत. त्यात तपकिरी, गंधकाचा उग्र वास मारणारा लगदा भरलेला असे. काही मिनिटांत लगदा रबरासारखा होई आणि साचा ओढून काढला की त्यात दातांचा हुबेहूब ठसा उमटलेला दिसे. अमेरिकेत आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधणारा माणूस पेट्रोलच्या टाकीत फिटिंग बसवताना जो राखाडी, चिकट मसाला लिंपतो, तो या लगद्याचा सख्खा भाऊ आहे. दोघांचं मूळ द्रव्य एक, घट्ट होण्याची क्रिया एक, वासही एक. दंतवैद्याच्या नळीत बहुधा शिशाचा डायऑक्साइड असायचा, विमानवाल्याच्या डब्यात मँगनीजचा असतो, एवढाच फरक. दंतवैद्यकाच्या एका जुन्या पाठ्यपुस्तकात ठसे घेण्याच्या द्रव्यांचं प्रकरण चाळताना ही सोयरीक माझ्या नजरेला पडली आणि या डिंकाचं कूळ शोधण्याचा नाद लागला.

घरी विमान बांधणं आपल्याला ठाऊक आहे ते कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान उभं करणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांमुळे. अमेरिकेत ही हौस फार जुनी. तिथल्या हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी काढली. 1970 च्या दशकात ओरेगॉनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी ‘आरव्ही’ मालिकेतल्या विमानांचे सुटे भाग विकायला सुरुवात केली आणि आजवर 10,000 हून जास्त आरव्ही विमानं लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधून उडवली आहेत. पहिल्या आरव्ही-3 मध्ये टाकी वैमानिकाच्या पुढ्यात, धडात होती. आरव्ही-4 पासून ती पंखाच्या पुढच्या कडेत गेली आणि तिथेच आपल्या डिंकाचा संबंध येतो. कारण पंखातली ही टाकी म्हणजे आत ठेवलेला डबा नव्हे. पंखाचा जेमतेम 0.8 मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आतल्या फासळ्या आणि मागची भिंत यांच्यामधली पोकळी हीच टाकी. शेकडो रिव्हेटांची भोकं, शिवाय इंधन ओढणारी नळी, पातळी सांगणारा तरंगता गोळा, तळाची निचरा-झडप, वरची टोपी, हवेची नळी. यातल्या प्रत्येक ठिकाणी पेट्रोल बाहेर पडायची वाट शोधत असतं.

जुनी विमानं या फंदात पडत नसत. टाकी वेगळी, पत्र्याची किंवा पितळेची, सांध्यांना झाळ दिलेली. ती पट्ट्यांनी बांधून टाकायची. पंखाच्या कडक ॲल्युमिनियम पत्र्याला झाळ नीट धरत नाही आणि वेल्डिंग केलं तर त्याची ताकद जाते. म्हणून लिंपण्याला पर्याय नाही.

आता हे लिंपण आलं कुठून? विमानबांधणीत रमलेली मंडळी सहसा दोन उत्तरं देतात. दोन्ही मला पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते सविस्तर सांगायला हवं.

पहिलं उत्तर: हा जहाजबांधणीचा वारसा आहे. फळ्यांच्या सांध्यात धागा ठोकायचा, वर राळ-तेलाचा किंवा डांबराचा लेप द्यायचा, ही विद्या आपल्या कोकणातल्या होडीकारांपासून युरोपच्या गोद्यांपर्यंत सगळीकडे होती. नळकामातला सफेदा आणि सूत ही त्याच घराण्यातली. दिसायला साम्य आहे खरं. पण होडीत लाकूड आणि धागा पाण्याने फुगतात आणि सांधा आवळला जातो. बंदोबस्ताचं अर्धं काम पाणीच करतं. पेट्रोल याच्या नेमकं उलट वागतं. डांबर त्यात विरघळतं, राळ सुटते. नैसर्गिक रबर फुगतं, पण आवळत नाही, मऊ होऊन फाटतं. जहाजवाल्यांची सगळी शिदोरी इथे निकामी ठरते. लिंपणाऱ्या हाताची सवय त्यांच्याकडून आली असेल, द्रव्य नाही.

दुसरं उत्तर: दुसऱ्या महायुद्धाची गरज. यात तथ्य आहे, पण अर्धंच. कॅटालिना या समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानाच्या पंखात इंधन थेट भरलेलं असे आणि ते विमान 1935 मध्ये उडालं, म्हणजे गरज युद्धाआधीची. युद्धात लढाऊ विमानांना हवी होती गोळी लागली तरी आपोआप बुजणारी टाकी, आणि ती केली रबराच्या थरांनी. पंखात उघडं पेट्रोल भरणं हा त्याच्या विरुद्ध टोकाचा विचार. युद्धाने या डिंकाला गिऱ्हाईक मिळवून दिलं, यापलीकडे त्याला जनकत्व देऊ नये.

माझं उत्तर मिसूरीतल्या कॅन्सस सिटी या गावी जातं. 1920 च्या दशकात तिथे जोसेफ सेसिल पॅट्रिक आणि नेथन म्नूकिन हे दोघे मोटारींच्या रेडिएटरमधलं पाणी थंडीत गोठू नये म्हणून घालायचं रसायन, ग्लायकॉल, स्वस्तात बनवू पाहत होते. पॅट्रिक शिक्षणाने वैद्य होता. दोघांनी इथिलीन डायक्लोराइडमध्ये सोडियम पॉलिसल्फाइड मिसळलं. ग्लायकॉल मिळालं नाही. मिळाला भयंकर वासाचा एक डिंक. सांगतात की तो प्रयोगशाळेच्या सिंकमध्ये अडकला आणि हाताशी असलेल्या कुठल्याच द्रावकाने तो सुटेना. जे कशातही विरघळत नाही ते पेट्रोलमध्येही विरघळणार नाही, हे पॅट्रिकच्या ध्यानात आलं. बेव्हिस लाँगस्ट्रेथ या मिठाच्या व्यापाऱ्याने पैसा घातला आणि 1929 मध्ये ‘थायोकोल’ कंपनी निघाली. वासाने गाव हैराण झालं, तेव्हा बिऱ्हाड न्यू जर्सीला हलवावं लागलं. पेट्रोलच्या होजपायपांना आतून अस्तर लावणं हा या डिंकाचा सुरुवातीचा उपयोग. टाकीच्या कुळात तो तिथेच शिरला, असं मी मानतो.

इथे जाणकार एक हरकत घेतात आणि ती वजनदार आहे. कार्ल ल्योविग या जर्मन रसायनज्ञाने झुरिकमध्ये असताना वाइडमान या सहकाऱ्यासह 1840 च्या आसपास इथिलीन क्लोराइड आणि पोटॅशियमचे सल्फाइड यांच्यापासून रबरासारखा पदार्थ केला होता. म्हणजे पॅट्रिकच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी. शिवाय स्वित्झर्लंडमधल्याच बेअर या संशोधकाने 1920 च्या दशकात अशाच डिंकाचं पेटंट मिळवलं होतं. मग मूळपुरुष कोण? नुसत्या अग्रक्रमाने ठरवायचं तर मान ल्योविगचा, यात वाद नाही. पण त्याच्या काळात जगात पेट्रोलची मोटारच नव्हती. पेट्रोलला दाद न देणारं रबर हा त्या काळी गुण ठरूच शकत नव्हता. एखादा पदार्थ बनणं आणि त्याचा उपयोग उमगणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि कुळाचा मूळपुरुष मी दुसऱ्या घटनेवरून धरतो. बेअरच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद चालत नाही, हे मला मान्य आहे. त्याचा डिंक पॅट्रिकच्या डिंकाइतकाच खरा. टाकीपर्यंत पोचलेली वाट मात्र न्यू जर्सीहून निघते.

तरीही हा डिंक घरी विमान बांधणाऱ्याच्या काहीच कामाचा नव्हता. तो घट्ट रबर होता. त्याला लाटायचं, साच्यात दाबायचं, उष्णता द्यायची, म्हणजे कारखाना हवा. या कुळातला खरा चमत्कार 1940 च्या दशकात घडला आणि मला सगळ्या कथेत तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पॅट्रिक आणि फर्ग्युसन यांनी तयार रबर घेऊन ते तोडलं. रबराच्या लांब साखळीत गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या कड्या असतात. सोडियम हायड्रोसल्फाइड आणि सोडियम सल्फाइट वापरून त्यांनी त्यातल्या काही कड्या उघडल्या. लांब साखळ्यांचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला गंधक-हायड्रोजनची जोडी राहिली. घट्ट रबराचा ओतता येईल असा काकवीसारखा रस झाला. या रसात ऑक्सिजन देणारं काही मिसळलं, शिशाचा किंवा मँगनीजचा डायऑक्साइड, की टोकांचा हायड्रोजन पाण्याच्या रूपाने निघून जातो, गंधकाला गंधक भिडतो आणि रबर परत तयार होतं. भट्टी नको, दाब नको. हे सगळं साध्या खोलीच्या तापमानाला घडतं, म्हणूनच ते दंतवैद्याच्या खुर्चीत घडू शकलं आणि गॅरेजमध्येही. घरी विमान बांधायच्या हौशीला पंखातली टाकी लाभली ती पंखाच्या आकारामुळे नव्हे, या उघडबंद होणाऱ्या गंधकाच्या कडीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

या रसाची आणखी एक शाखा थेट अवकाशात गेली. पॅसाडेनात जॅक पार्सन्सने 1942 मध्ये डांबरात पोटॅशियम परक्लोरेट कालवून घनरूप रॉकेट-इंधन केलं होतं. डांबर उन्हात वाहायचं, थंडीत तडकायचं. चार्ल्स बार्टली हा तिथलाच अभियंता डांबराच्या जागी काय घालावं याच्या शोधात असताना त्याला थायोकोलचा रस सापडला. पुढे ती कंपनी रॉकेटवाली झाली आणि स्पेस शटलचे बूस्टर तिनेच बांधले. जहाजाचं डांबर या कथेत खरोखर येतं ते इथे, आणि तेही बाद होण्यासाठी.

आता कामाच्या टेबलाकडे. हौशी मंडळी या मसाल्याला ‘प्रोसील’ म्हणतात. ते एका कंपनीचं नाव, पण डबा कुणाचाही असो, सगळा प्रोसीलच. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत तसं. डब्यावर ‘बी-2’ असं लिहिलेलं असतं. ‘ए’ म्हणजे ब्रशने लावण्याइतका पातळ, ‘बी’ म्हणजे सांध्याच्या कोपऱ्यात कड धरून राहील इतका जाड. 2 हा आकडा तासांचा: 25 अंश सेल्सियस आणि 50 टक्के आर्द्रतेत मसाला तेवढा वेळ हाताळता येतो. हवा गरम आणि दमट असली की हा वेळ झपाट्याने घटतो. मुंबईच्या पावसाळ्यात कुणी बी-2 घेऊन बसला तर दोन तास धरून चालू नये. मिश्रण वजनावर करायचं, दहा भाग पांढरट रस आणि एक भाग काळी पेस्ट. काळ्या-पांढऱ्या रेषा पुरत्या नाहीशा होऊन एकसारखा राखाडी रंग आला की ते नीट घोटलं गेलं.

फिटिंगच्या बाबतीत मात्र सरसकट लिंपणं घातक. विमानाच्या नळ्यांच्या जोडांना 37 अंशांची फाकवलेली तोंडं असतात. तिथे धातूला धातू बसून सांधा बंद होतो. मसाला लावला तर उलट बसणी बिघडते. निचरा-झडपेचे आटे निमुळते असतात, तिथे पेट्रोलला टिकणारं आट्यांचं लिंपण हवंच, पण टेफ्लॉन टेप नको. तिचा एखादा तुकडा सुटून इंधनाच्या वाटेत अडकला तर इंजिन उपाशी मरतं. सर्वांत दगाबाज ती पातळी दाखवणाऱ्या यंत्राची चकती. तिच्याबरोबर गॅस्केट येतं, तरी अनुभवी बांधणारे ते बाजूला ठेवून नुसत्या मसाल्यावर चकती बसवतात आणि प्रत्येक स्क्रूही मसाल्यात बुडवून आवळतात, कारण पेट्रोल आट्यांच्या वळणावळणाने चढतं. मला हीच पद्धत योग्य वाटते. चकती पुन्हा काढायला त्रास होतो, पण गळक्या टाकीपेक्षा तो त्रास पत्करावा.

चाचणी साधी आहे. भोकं बंद करायची, सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरायची. सुमारे 70 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब पुरे, जास्त झाला तर पत्रा फुगतो. हवेच्या नळीवर फुगा लावतात, तो दाब मर्यादेत ठेवतो. मग सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी. फुगा मऊ पडला म्हणून लगेच घाबरायचं नाही. रात्री गारवा आला तरी तो आक्रसतो. बुडबुडा दिसला तरच गळती खरी.

आणि चाचणीतून सुटलेली गळती नंतर रंगाने सापडते. विमानाच्या 100 एलएल पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो; ते झिरपून उडून गेलं की रिव्हेटच्या डोक्याभोवती निळसर डाग राहतो. तो बाहेरून लिंपून भागत नाही, कारण रेटा आतून असतो. मागच्या भिंतीला झरोका कापून, आतली जागा खरवडून आणि द्रावकाने पुसून नवा मसाला जुन्यावर लावावा लागतो. नवा जुन्याला चांगला धरतो, हा बांधणाऱ्यांचा पक्का अनुभव. माझा अंदाज असा की जुन्या थरातल्या गंधकाच्या कड्या पुरत्या मिटलेल्या नसतात. नव्या रसाची टोकं त्यांच्याशी अदलाबदल करतात आणि थर नुसते चिकटत नाहीत, काही प्रमाणात एकजीव होतात. पॉलिसल्फाइड रबरात अशी अदलाबदल होते हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे. टाकीतल्या दुरुस्तीत तिचाच हात असावा, असं मला ठामपणे वाटतं.