फिश टँकला ओझोन मशीन लावताय? आधी हे वाचा

फिश टँकचं पाणी पिवळट दिसायला लागलं, कुबट वास यायला लागला की हल्ली ओझोन मशीन मागवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ओझोनमुळे पाणी नितळ होतं, पाण्यातले जंतूही कमी होतात, यात खोटं काही नाही. पण माशाच्या अंगावर आलेले पांढरे ठिपके त्याने जात नाहीत. शिवाय प्रमाण चुकलं तर हाच वायू माशांच्या कल्ल्यांना आणि माणसाच्या फुप्फुसांना इजा करतो.

मशीन घेताना आधी आकडा पाहावा. 100 लिटरच्या टाकीला तासाला साधारण 5 ते 10 मिलिग्रॅम ओझोन पुरतो. खोली निर्जंतुक करण्यासाठी विकली जाणारी मशीन तासाला 5-10 ग्रॅम ओझोन सोडतात, म्हणजे हजारपट. स्वस्त मिळालं म्हणून असलं मशीन टाकीला जोडू नये.

ओझोन एअरस्टोनने थेट टाकीत सोडायचा नसतो. तो प्रोटीन स्किमरमध्ये पाण्यात मिसळतो. तिथून बाहेर पडणारं पाणी आणि हवा, दोन्ही ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून जायला हवं. हवेच्या बाजूचा कार्बन लावायचा राहून जातो आणि वास घरभर पसरतो. नळी सिलिकॉनची घ्यावी, साधी रबरी नळी ओझोनने तडकते. समुद्री माशांच्या टाकीला ओआरपी कंट्रोलर हवाच. पाणी 350 मिलिव्होल्टच्या आसपास पोचलं की तो मशीन बंद करतो.

लाइट जाणाऱ्या गावात आणखी एक भानगड असते. पंप थांबला की पाणी नळीतून उलटं मशीनमध्ये येऊ शकतं आणि शॉकचा धोका होतो. म्हणून मशीन पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावं, नळीला ओझोनला टिकणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. पंप आणि मशीन एकाच बटणावर असावेत. मशीन इन्व्हर्टरवर आणि पंप लाइटवर असेल तर पाणी थांबलं तरी वायू येतच राहतो.

झेरॉक्स मशीनजवळ येतो तसा तिखट वास आला की मशीन बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या. नाकाला वासाची सवय होते, त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. छाती आवळली, धाप लागली तर डॉक्टरकडे जावं. दम्याच्या रुग्णांनी तर थांबूच नये.

गप्पी, मॉली, गोल्डफिशच्या टाकीला मात्र ओझोन लागतच नाही. खाणं कमी टाकावं, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल असतं, ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवूनच टाकीत ओतावं.