एस्कम्ब येथील जुनें ख्रिस्तमंदिर

इंग्लंडांतील मध्ययुगीन शिल्प म्हटलें कीं, डरहॅम किंवा कॅन्टरबरी येथील भव्य कथीड्रलें वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु डरहॅमच्या त्या प्रचंड वास्तूहून सुमारें चारशें वर्षांनीं जुनें असें एक लहानसें मंदिर त्याच परगण्यांत, बिशप ऑकलंडजवळ, वेअर नदीच्या कांठीं, एस्कम्ब नांवाच्या खेड्यांत उभें आहे. भोंवतीं वर्तुळाकार दफनभूमि आणि तिच्या पलीकडे साधीं घरें, एवढाच त्याचा थाट.

तें कोणीं बांधलें याची नोंद नाहीं. आद्य इंग्लिश इतिहासकार बीड हा याच मुलखांत जॅरोच्या मठांत राहत असे व इ. स. ७३१ मध्यें त्यानें आपला धर्मेतिहास पुरा केला; पण त्यांत एस्कम्बचा उल्लेख नाहीं. गांवाचें नांव प्रथम आढळतें तें इ. स. १००० च्या सुमारास. आल्डहून नामक बिशपानें कांहीं गांवें सरदारांच्या स्वाधीन केलीं, त्यांत हें एक होतें. म्हणजे तीन शतकें कागद मुका आहे. बोलतात ते केवळ दगड. वेअरमथ व जॅरो येथील मठांच्या (स्थापना अनुक्रमें ६७४ व सुमारें ६८२) बांधणीशीं असलेलें साम्य पाहून तज्ज्ञ या मंदिराचा काल ६७५ च्या सुमारास धरतात.

हे दगड मात्र मूळचे ख्रिस्ती नव्हेत. जवळच बिंचेस्टर येथें रोमन लोकांचा विनोव्हिया नांवाचा किल्ला होता. रोमन फौजा गेल्यानंतर तो ओस पडला व त्याचे घडीव चिरे येथें आणले गेले. उत्तरेकडील भिंतींत सहाव्या रोमन लीजनचें नांव कोरलेला एक चिरा आहे, आणि तो चक्क उलटा बसविलेला आहे! गवंड्याला अक्षरओळख नव्हती, कीं मूर्तिपूजकांच्या त्या नांवाची त्याला पर्वा नव्हती? मला पहिलें कारण अधिक संभवनीय वाटतें. त्याला हवा होता तो चांगला दगड.

आंत शिरलें म्हणजे प्रथम जाणवते ती उंची. सभामंडप सुमारें ४३ फूट लांब आणि अवघा १४॥ फूट रुंद. भिंती मात्र २३ फूट उंच. मूळच्या खिडक्या लहान, उंचावर बसविलेल्या व आंतल्या बाजूस रुंदावत जाणाऱ्या आहेत; कांचा दुर्मिळ आणि थंडी कडक, अशा देशांत थोडक्या फटींतून पुष्कळ प्रकाश आंत घेण्याची ही युक्ति. मंडप व गर्भागार यांच्यामधील उंच, अरुंद कमान हें या वास्तूचें हृदय होय. तिच्या बाजूंस एक चिरा उभा, त्यावर एक आडवा, असा क्रम आहे. शिल्पशास्त्रज्ञ या रीतीला एस्कम्बचेंच नांव देतात. कमानीचे दगड रोमन इमारतींतून जसेच्या तसे उचलून आणले असावेत, असें पुष्कळांचें मत आहे. तें खरें मानलें तरी गवंड्याचें श्रेय कमी होत नाहीं; दुसऱ्याची कमान सोडवून आपल्या मापांत पुन्हां उभी करणें हें अडाण्याचें काम नव्हे. दक्षिण भिंतीवर एक सूर्यघटिका आहे. तिच्यावर तासांच्या रेघा नाहींत. प्रार्थनेच्या वेळा दाखविणाऱ्या तीनच रेघा आहेत, आणि त्यांच्याभोंवतीं एका सर्पानें वेटोळें घातलें आहे.

पुढील शतकांत येथें फारसा पैसा आला नाहीं. तेराव्या शतकांत कांहीं मोठ्या खिडक्या पाडल्या गेल्या, पुढें दारापुढें पडवी आली, आणि एवढ्यावरच भागलें. श्रीमंत गांवांनीं आपलीं जुनीं मंदिरें पाडून नवीं बांधलीं. एस्कम्बला तें साधलें नाहीं, म्हणूनच तें वांचलें, असें मला वाटतें.

पैसा आला तेव्हां धोकाही आला. १८६३ मध्यें वाढत्या वस्तीसाठीं टेकडीवर नवें चर्च बांधण्यांत आलें आणि जुनें टाकून दिलें गेलें. छप्पर ढासळूं लागलें. पुढें या पडीक वास्तूचें खरें वय ओळखलें गेलें आणि १८७५ ते १८८० या काळांत तिची दुरुस्ती झाली. टेकडीवरील तें नवें चर्च विसाव्या शतकांत पाडून टाकण्यांत आलें. जुन्यांत अद्याप उपासना चालते.