कमलाबाईंचे मार्गदर्शक

दुर्गाबाई भागवतांचे नाव ठाऊक नाही असे मराठी वाचणारे घर विरळाच. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई सोहोनी मात्र पुष्कळांना केवळ नावापुरत्या माहीत असतात. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. संशोधन म्हणजे काय ते दुरूनच ऐकलेले. परंतु शिकवणाऱ्याच्या एका शब्दाने विद्यार्थ्याचे काय होते, हे खडू हातात धरणाऱ्यास थोडेफार कळते.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन कमला भागवत यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. वडील आणि चुलते, दोघेही तिथलेच रसायनशास्त्रज्ञ. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले. मुलगी म्हणून अर्ज नाकारला गेला. कमलाबाई थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. संचालकांची खात्री पटेपर्यंत कामाला मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचे. आणि मुलांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. चित्त मुलांचे, जबाबदारी मुलीची! हा न्याय आपल्या घरांतही काही अनोळखी नाही.

मार्गदर्शक लाभले ते श्रीनिवासय्या. तेही कडकच, पण त्यांचा कडकपणा कामापुरता होता आणि दिल्या वेळेत ते हातचे काही राखून ठेवत नसत. जीवरसायनशास्त्रातले मोठे ग्रंथ त्यांनी शिष्येकडून वाचून घेतले. इतकेच नव्हे, तर त्या विषयातल्या नामांकित शास्त्रज्ञांना पत्रे लिहायलाही प्रवृत्त केले. मला हे फार मोठे वाटते. जिला दारातून आत घ्यायचे की नाही याचा खल चालला होता, तिला हा गृहस्थ थेट जगाशी बोलायला शिकवत होता. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर तिचे काम झाले. वर्षाअखेर रामन यांची खात्री पटली आणि पुढे मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

१९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे डॉ. रिक्टर यांनी त्यांना एक टेबल दिले: दिवसा कमलाबाईंनी त्यावर काम करायचे, रात्री त्याच टेबलावर डॉक्टर झोपायचे. ते अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्या हाताखाली बटाट्यावर प्रयोग सुरू झाले. पेशींच्या श्वसनात कामी येणारे सायटोक्रोम-सी वनस्पतींतही असते, हे त्यांतून दिसले. चौदा महिन्यांत प्रबंध तयार झाला. पाने अवघी चाळीस. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून १९३९ पासून त्यांची गणना होते.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या स्वतः मार्गदर्शक झाल्या. नीरा आणि कडधान्ये यांवर त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केले. रामन थोर शास्त्रज्ञ, पण मनाने फार संकुचित होते, हे मात्र त्या उतारवयातही स्पष्ट बोलून दाखवीत.